मधली सुट्टी मुलांची: प्राथमिक शाळेतल्या खेळाच्या वेळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. पालकसभा असो, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक असो की आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद, मधल्या सुट्टीचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं. डोळ्यांसमोर पहिली ते पाचवीची मुलं आहेत.

घंटा झाली की मुलं खेळतातच. त्यात सुधारायचं काय?

तीन दिवस मधल्या सुट्टीत एकाच जागी उभं राहून नुसतं बघा. कोणाला हाक मारू नका, कोणाला रागावू नका. एका कागदावर मैदान काढा: झाड, नळ, पायऱ्या, स्वच्छतागृह, फाटक. मग कोण कुठे आहे तिथे टिंब द्या. मुलींसाठी एक रंग, मुलांसाठी दुसरा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मैदानाचा बहुतेक भाग पाचवीच्या दहा-बारा मुलांकडे होता. मुली पायऱ्यांवर आणि भिंतीच्या सावलीत. पहिलीची निम्मी मुलं अजून नळाच्या रांगेत. आणि एक मुलगा तिन्ही दिवस फाटकाचे गज धरून रस्त्याकडे बघत उभा होता. तो माझ्याच वर्गातला होता. वर्गात तो हसतमुख असायचा, त्यामुळे सुट्टीत तो एकटा असतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

खेळायचं कसं हे मुलांना शिकवावं लागत नाही. वेळ, जागा, हाताशी चार वस्तू आणि जवळपास एखादं शांत मोठं माणूस एवढं असलं की बाकीचं ती बघून घेतात. यातलं काय कमी पडतंय ते हा कागद सांगतो.

सुट्टी चाळीस मिनिटांची आहे. आणखी किती वेळ द्यायचा?

कागदावर चाळीस असेल. प्रत्यक्ष खेळायला किती मिळतो ते घड्याळ लावून मोजा. समजा, शाळेत १२० मुलं आहेत आणि नळ २. एका मुलाला हात धुवायला अर्धा मिनिट धरला तरी सगळ्यांचे हात व्हायला ३० मिनिटं लागतात. पुन्हा जेवणानंतर ताटं धुणं आहेच. म्हणजे रांगेतल्या शेवटच्या मुलाची सुट्टी रांगेतच संपते, आणि शेवटी बहुधा सगळ्यांत लहान मुलं असतात.

तेच नळ ६ केले तर हात १० मिनिटांत धुऊन होतात. भिंतीला आडवा पाइप टाकून त्याला तोट्या बसवल्या की झालं. गावातला प्लंबर हे एका दिवसात करतो. मुलांच्या खेळण्याच्या वेळेत सगळ्यांत मोठी भर मी या एका कामातून पडलेली पाहिली आहे, आणि त्यात खेळाचं असं काहीच नाही. तोपर्यंत पहिली-दुसरीला पाच मिनिटं आधी सोडा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांच्या शरीराला दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी चांगली हालचाल हवी. शाळेतून घरी जाऊन टीव्ही किंवा मोबाइलसमोर बसणाऱ्या मुलाला ती मिळण्याची खात्रीची जागा शाळाच.

आधी जेवण की आधी खेळ?

जेवण आधी असलं की मुलं खिचडीचे दोन-चार घास कोंबतात आणि उरलेलं ताटात टाकून पळतात, कारण जीव बाहेर अडकलेला असतो. पंधरा मिनिटं खेळून आलेलं मूल भुकेनं आणि निवांत जेवतं. पण सकाळी न खाताच शाळेत येणारी मुलं असतील तर त्यांना आधी खेळायला लावणं बरोबर नाही. आमच्याकडे अशी मुलं आहेत, शेतावर लवकर निघणाऱ्या घरांतली. म्हणून आम्ही जेवण आधीच ठेवलं, पण जेवणाची वीस मिनिटं संपेपर्यंत कोणीच मैदानावर जायचं नाही असं ठरवलं. पळण्यातली घाई गेली, ताटातलं उष्टंही कमी झालं.

अभ्यासाचा वेळ जातो, त्याचं काय?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. भागून बघा, दिवसाला ४ तास पडतात. शाळेचा दिवस त्याहून मोठा असतो. खेळाला जागा आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं ३१वं कलम विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क मानतं, आणि भारतानं तो करार १९९२ साली स्वीकारला आहे. शिवाय सुट्टीनंतरच्या तासाला कुठली मुलं फळ्याकडे बघतात आणि कुठली बाकावर डोकं टेकतात, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असतं.

गृहपाठ केला नाही, दंगा केला, तर सुट्टी बंद करावी का?

नाही. या बाबतीत माझं मत ठाम आहे, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीही हे केलंय.

ज्या मुलाला एका जागी बसवत नाही त्यालाच आपण सुट्टीत वर्गात बसवून ठेवतो. दुपारनंतर ते जास्तच चुळबुळतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच शिक्षा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली स्पष्ट म्हटलं की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलाची मधली सुट्टी काढून घेऊ नये. आपल्या २००९च्या शिक्षण कायद्याचं १७वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला मनाई करतं. चाळीस जण बाहेर ओरडत असताना एकट्यानं खिडकीतून ते ऐकत बसणं आठ वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल, ते त्याच्याच जागी बसून बघावं. गृहपाठ राहिला असेल तर परिपाठाआधी दहा मिनिटं घेता येतात.

आमच्या शाळेला मैदानच नाही.

कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावं असं लिहिलंय, त्यामुळे मागणी सोडू नका. व्यवस्थापन समितीचा ठराव करा आणि तो ग्रामपंचायतीकडे व गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पालकांनी मनावर घेतलं तर तो ठराव फायलीत पडून राहत नाही. गावात गायरान किंवा देवळासमोरचं पटांगण असेल तर आठवड्यातून दोन दिवस तिथे जाता येतं.

शहरातल्या शाळांची अडचण वेगळी. मुंबईतल्या चार मजली इमारतीत तळाशी वाहनं लावण्याएवढी मोकळी जागा आणि वर शेकडो मुलं. तिथे सगळ्यांची सुट्टी एकदम करू नये. पहिली-दुसरी, तिसरी-चौथी अशा पाळ्या केल्या की तीच जागा दुप्पट होते. ठिकरी टाकून लंगडी घालायचे चौकोन, तळ्यात-मळ्यात, रुमालपाणी, दोरीउड्या, सागरगोटे यांना अंगणभर जागा पुरते. चौकोन आणि गोल एकदा ऑइलपेंटनं रंगवून घ्या. खडूच्या रेघा दुसऱ्या दिवशी नसतात, आणि रेघ दिसली की मुलाचा पाय आपोआप उचलला जातो.

क्रिकेट सगळं मैदान खाऊन टाकतं. बंद करायचं का?

बंद करू नका, त्याला कोपरा द्या. चुन्यानं मैदानाचे तीन भाग पाडा. एकात चेंडूचे खेळ, एकात पळापळीचे, झाडाखालचा भाग शांत. चेंडू रबरी किंवा टेनिसचाच, रेघेबाहेर गेला तर आउट. मुलं कुरकुरतात, आठवड्याभरात गल्ली क्रिकेटचे नियम स्वतः लावून घेतात. आठवड्यातला एक दिवस पूर्ण मैदान बॅटबॉलशिवाय ठेवून बघा. त्या दिवशी कोण कोण कडेवरून आत येतं ते टिपा.

मुली खेळायला उतरतच नाहीत. त्यांना आवड नसते का?

आवड नसते हे खोटं. दोरी हातात दिली की पाच मिनिटांत रांग लागते. मुली कडेला राहतात याची कारणं साधी असतात आणि विचारल्याशिवाय कळत नाहीत. आमच्या तिसरीच्या मुलींनी तीन कारणं सांगितली: पळताना स्कर्ट उडतो, चेंडू अंगावर येतो, आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला आईनं सांगितलंय. पहिल्यावर उपाय स्कर्टच्या आत चड्डी किंवा सरळ सलवार. पालकसभेत एका आईनंच तो सुचवला. दुसरं मैदानाचे भाग पाडल्यावर सुटलं. तिसऱ्यासाठी पहिलीच्या बाईंनी धाकट्यांना आपल्याजवळ खेळवायला सुरुवात केली, आणि मोठी बहीण वर्षात पहिल्यांदा मोकळी झाली.

स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी नसेल तर मुली तिघी-चौघी मिळून जातात, एकीनं दार धरायचं. अर्धी सुट्टी त्यात जाते. तेव्हा कडी लावणं हेही खेळाचंच काम.

आणि खो-खोचा विश्वचषक आठवा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्यांदा झाला, भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते: प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. ही बातमी परिपाठात वाचली त्या दिवशी चौथीच्या मुलींनी खांब मागितले.

साहित्य कोणतं घ्यावं? घसरगुंडी आणि झोपाळा?

आहेत तर छान. पण घसरगुंडीवर एका वेळी एकच मूल असतं आणि बाकीची रांगेत. मुलं रमतात ती हलवता येणाऱ्या, रचता-मोडता येणाऱ्या वस्तूंत. बांधकाम चालू असलं की वाळूच्या ढिगावर पोरं कशी तुटून पडतात ते आपण बघतोच. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला १९४३ साली हेच ओळखून, फळ्या, विटा आणि भंगार देऊन मुलांचं एक मैदान उभं राहिलं. आणि आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला, शिंपले, बिया, खडे, पानं अशा परिसरातल्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. महागडं परदेशी साहित्य आदिवासी पाड्यावर आणणार कोण, आणि आणायचं कशाला?

आमच्या खेळपेटीत हे आहे: दुचाकीचे जुने टायर, सुती दोर (नायलॉनचा हाताला कापतो), रिकामी पोती, जुन्या साड्या, तासून गुळगुळीत केलेले बांबूचे तुकडे, करवंट्या, चिंचोके, बाटल्यांची झाकणं, पुठ्ठ्याची खोकी, दोन घमेली, एक वाळूचा ढीग. सगळं पालकांनी आणून दिलं. पहिल्या दिवशी टायर नुसते पळवले गेले. तिसऱ्या दिवशी त्याचं दुकान झालं, साडीचं छत, झाकणांचे पैसे. पोती-साडीच्या घरात चौथीतला एक दांडगट मुलगा पहिलीच्या पोरांना चिंचोक्यांचं जेवण वाढत होता. भातुकली फक्त मुलींची असते हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं, हे बरं झालं.

काळजी घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या घ्यायलाच हव्यात. टायरची तार बाहेर आलेली नको. टायरला खालून भोकं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. फळीत खिळा नको. गळ्यात दोर अडकवायचा नाही, हा नियम सगळ्यांना पाठ हवा. मोठ्या सुट्टीनंतर शाळा उघडली की सामान आधी मोठ्या माणसानं काठीनं हलवून बाहेर काढायचं, त्यात साप-विंचू असू शकतात. चिंचोके आणि झाकणं अंगणवाडीच्या लहान मुलांपासून लांब.

पैसे कुठून आणायचे?

समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला क्रीडासाहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यातून चेंडू, दोऱ्या, रिंगा घ्या. महागडा कॅरमबोर्ड घेऊन कपाटात ठेवू नका. कुलूपबंद साहित्य ही आपल्या शाळांतली जुनी खंत आहे. हरवेल, फुटेल, तपासणीत विचारतील, म्हणून नवीकोरी बॅट तीन वर्षं कपाटात राहते आणि मुलं लाकडाच्या फळकुटानं खेळतात. चेंडू खेळून फुटला तर साठानोंदवहीत तसंच लिहावं. वापरून संपलेलं साहित्य ही नामुष्की नाही.

मुलांना आपले जुने खेळ येतच नाहीत.

येत नाहीत कारण शिकवणारी मोठी मुलं मध्ये तुटली. पूर्वी गल्लीत दहा वर्षांचं पोर सहा वर्षांच्या पोराला लगोरी शिकवायचं. ती साखळी शाळेत पुन्हा जोडता येते. आनंददायी शनिवारी एखाद्या आजोबांना किंवा आजींना बोलवा आणि एकच खेळ शिकवायला सांगा. आमच्याकडे एका आजींनी आट्यापाट्या शिकवल्या. पाट्या आखायलाच अर्धा तास गेला, सूर, म्हणजे मधली उभी पाटी, कोणी धरायचा यावर आजी आणि पाचवीची मुलं हुज्जत घालत राहिली. सोमवारी पाचवीनं चौथीला शिकवलं, आणि पुढच्या पंधरवड्यात मी काही न करता तिसरीपर्यंत पोचलं.

सुरुवातीला विषामृत, साखळी, डोंगराला आग लागली, लगोरी हे चार पुरेत. गावागावात नावं आणि नियम वेगळे असतात. लगोरीला कुठे लिंगोरचा म्हणतात. बरोबर नियम कुठला यात मोठ्यांनी पडू नये. मुलं भांडून ठरवतात, त्या भांडणातच निम्मा खेळ असतो.

शिक्षकांनी खेळात किती शिरायचं?

पहिल्या दिवशी भिडू व्हा, दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ, मग बाजूला. शिट्टी गळ्यात घालून सूचना देत राहिलात तर तो शारीरिक शिक्षणाचा तास होतो. तो तासही हवा, पण तो वेगळा. सुट्टी मुलांची.

भांडण आलं की लगेच निवाडा देऊ नका. "मग आता काय करायचं ठरवलंत?" एवढं विचारा. बहुतेक वेळा पुन्हा चकतात, राज्य कोणावर ते ठरतं आणि खेळ सुरू. मारहाण, शिवीगाळ, एकाच मुलाला रोज टोचणं किंवा जातीवरून, रंगावरून, आडनावावरून चिडवणं दिसलं तर मात्र त्याच क्षणी मध्ये पडा.

शिक्षकालाही जेवायला वेळ हवा. सुट्टीत पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं चालू असतं हे मला माहीत आहे. म्हणून पाळी लावा. एका दिवशी एकानं फक्त मैदानावर थांबायचं, हातात मोबाइल नको. दोनशिक्षकी शाळेत हे अवघड जातं. तिथे एखाद्या पालकाला किंवा आजीला सुट्टीपुरतं बोलावता येतं.

दिव्यांग मुलांना, लहानग्यांना सामील कसं करायचं?

यासाठी आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे: लिंबूटिंबू. लिंबूटिंबू भिडू खेळतो, पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो आउट होत नाही. मोठ्या माणसांनी कुठलंही धोरण लिहिण्याआधी मुलांनी हे शोधून काढलं. लहान भावंडांसाठी ते चालतं. पण कायमचं लिंबूटिंबू राहणं कोणालाच आवडत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीच्या पायात कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी, आहे. तिला पहिल्या वर्षी सगळे प्रेमानं लिंबूटिंबू म्हणायचे आणि ती खेळ सोडून बसायची. तिनं स्वतःच सांगितलं, "माझ्यावर पण राज्य येऊ दे." मग मुलांनी नियम काढला: तिच्यावर राज्य असेल तेव्हा सगळ्यांनी लंगडी घालायची. त्या दिवशी तिनं चौघांना बाद केलं.

डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूत घुंगरू भरा, रेघेवर दोर अंथरून वर माती लोटा म्हणजे पायाला कळतं. समग्र शिक्षेचे विशेष शिक्षक भेट देतात तेव्हा त्यांना वर्गाइतकंच मैदानही दाखवा.

फाटकाशी उभ्या असलेल्या मुलाचं काय झालं?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याला "जा, खेळ त्यांच्यात" म्हणून ढकललं नाही. कुटुंब ऊसतोडीहून परतलेलं होतं, इथल्या खेळांची नावंच त्याला ठाऊक नव्हती. पण भोवरा त्याच्याइतका कोणाला येत नव्हता. मी दोन भोवरे आणि जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, पेटीत ठेवली, बस्स. जाळी गुंडाळायला शिकण्यासाठी मुलं त्याच्याकडे गेली.

लागलं तर जबाबदार कोण?

ही भीती खरी आहे, ती उडवून लावू नये. शिक्षक मैदानावर हजर, धोक्याच्या वस्तू काढलेल्या, प्रथमोपचार पेटी भरलेली आणि लागलं की त्याच दिवशी घरी कळवलेलं, असं असेल तर पालक समजून घेतात. वर्षाच्या सुरुवातीच्या सभेतच सांगा: गुडघे फुटतील, खरचटेल.

खरचटलं तर साबण-पाण्यानं धुवा. माती, हळद, चुना काही लावू नका. पक्का दात मुळापासून पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, दुधात ठेवा आणि तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली, मूल असंबद्ध बोलू लागलं किंवा नाका-कानातून रक्त वा पाणी आलं तर वाट बघू नका, १०८ला फोन करा.

झाडावर चढू द्यावं का?

स्वतःच्या बळावर चढता येईल तेवढंच चढायचं, कोणी कोणाला वर उचलून बसवायचं नाही. या एका नियमावर आमच्या वडाखाली अनेक वर्षं सूरपारंब्या चालू आहेत. शेवग्यावर मात्र कोणीच नाही, त्याची फांदी कडकन मोडते.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात?

सकाळची शाळा सुरू झाली की सुट्टी शक्य तितकी लवकर घ्या. विदर्भात मार्चच्या अखेरीसच दुपारी मैदानावर पाय ठेववत नाही. माठ मैदानाच्या कडेला सावलीत ठेवा. पाणी लांब असलं की मुलं खेळ सोडून पाणी पीत नाहीत. सावलीसाठी आज लावलेला कडुनिंब पाचेक वर्षांनी कामाला येतो, तेव्हा याच पावसाळ्यात लावा.

कोकणात पावसाळ्याचे चार महिने पडवीच मैदान. काचापाणी, सागरगोटे, पट, टाळ्यांची गाणी, भिंतीवर सावल्यांचे प्राणी. उघडीप मिळाली की थोडं भिजू आणि चिखलात खेळू द्या. हातपाय धुवायला पाणी आणि पुसायला एक जुनी साडी ठेवली की पुरतं. गवत मात्र कापलेलं हवं.

फरक पडला हे कळणार कसं?

तीन महिन्यांनी पुन्हा कागद घ्या आणि तीच टिंबं द्या. आमच्या दुसऱ्या नकाशात पायऱ्यांवर चार टिंबं उरली होती. जाऊन विचारलं तर त्या चौघी म्हणाल्या, "बाई, आम्हाला इथे बसून गोष्टी सांगायला आवडतं." त्यांना तिथेच बसू दिलं.